भिंतीवरची वखार

(सिल्वासा येथे शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नवे घर बांधून पुरे झाले, वास्तुशांत आटोपली, भिंतींचा रंग वाळला, की घरात एक प्रश्न हटकून निघतो : समोरच्या भिंतीवर काय लावावयाचे? मागच्या पिढीला या प्रश्नाचा फारसा विचार करावा लागत नसे. देवादिकांच्या तसबिरी, वडीलधाऱ्यांची छायाचित्रे, शिवछत्रपतींचे एखादे चित्र आणि वाण्याने दिवाळीत दिलेले कॅलेंडर एवढ्यात भिंत भरून जाई. आता घरे पक्की झाली, भिंती मोठ्या झाल्या आणि चित्रांचा बाजारही मोठा झाला. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे तैलचित्र आज कापडावर छापून, चौकटीत बसवून थेट घरपोच मिळते. काही परदेशी संग्रहालयांनी आपल्याजवळील जुन्या चित्रांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या असल्यामुळे अशा प्रती काढणे सोपे झाले आहे.

या छापील चित्रांत एक प्रकार आहे तो जुन्या वखारींच्या चित्रांचा. नदीच्या किंवा समुद्राच्या काठी तटबंदीचे आवार, आत कोठारे आणि आखीव बागा, उंच काठीवर फडकणारे निशाण, पाण्यात शिडे उभारलेली जहाजे आणि आसपास मुंगीएवढी दिसणारी माणसे, असा त्यांचा थाट असतो. तपकिरी, निळ्या आणि पिवळसर रंगांची ही चित्रे बैठकीच्या खोलीत शोभून दिसतात. चित्र देखणे असते, यात वाद नाही. परंतु ज्या भूमीवर १७० वर्षांहून अधिक काळ परक्यांचे निशाण फडकत होते, त्या भूमीतील माणसाने असे चित्र घरात लावताना थोडा विचार करणे अगत्याचे आहे. लावावे की लावू नये, हा प्रश्न नंतरचा. ते कोणी काढले, कोणासाठी काढले आणि कशासाठी काढले, हे आधी समजून घेतले पाहिजे.

वखार म्हणजे काय?

सिल्वासा परिसरात आज 'फॅक्टरी' म्हटले की यंत्रांची घरघर आणि पाळीचा भोंगा आठवतो. 'वखार' म्हटले की लाकडाची वखार डोळ्यांपुढे येते. सतराव्या शतकात मात्र या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता. परदेशी कंपनीच्या अडत्याला 'फॅक्टर' म्हणत. तो जेथे राही, माल खरेदी करी, साठवी आणि जहाज येईपर्यंत सांभाळी, त्या जागेला 'फॅक्टरी' हे नाव होते. मराठीत तिला वखार म्हणत. तेथे वस्तू सहसा बनत नसत. दूरदूरच्या खेड्यांत बनलेल्या वस्तू तेथे जमा होत आणि समुद्रापार जात.

पश्चिम किनाऱ्याला वखारी नव्या नव्हत्या. सिल्वासाच्या उत्तरेस सुरतेला इंग्रजांची वखार १६१३ च्या मोगल बादशाही फर्मानाने स्थिर झाली. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष आजही तेथे पाहावयास मिळतात. राजापूरला १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी वखार घातली. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दीला तोफांची मदत केली. व्यापारासाठी आलेल्यांनी युद्धात पडावे, ही गोष्ट शिवाजी महाराजांनी खपवून घेतली नाही. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर चाल केली, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या साथीदारांना कैदेत टाकले.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी स्वतंत्र सूचना नमूद करून ठेवल्या. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यास्तव त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये आणि भक्कम इमारती बांधू देऊ नयेत, असा त्या सूचनांचा आशय आहे. म्हणजे ज्या वास्तूचे चित्र आज शोभेसाठी विकत घेतले जाते, तिच्याकडे त्या काळचा जाणता कारभारी किती सावध नजरेने पाहत होता, हे ध्यानात येते.

हुगळीचे चित्र आणि रायबागचे चित्र

वखारींच्या चित्रांत एक चित्र फार प्रसिद्ध आहे. हेंड्रिक व्हान स्कायलेनबर्ग या डच चित्रकाराने ते १६६५ मध्ये रंगविले. बंगालमधील हुगळी येथील डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार हा त्याचा विषय. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. ते सुमारे साडेसहा फूट उंच आणि दहा फुटांहून अधिक लांब आहे. एखाद्या खेड्यातील घराची अख्खी भिंत त्याला लागेल. मध्यभागी चौरस, तटबंदीचे आवार आहे. आत राहती घरे, कोठारे, अंगणे आणि काटेकोर आखलेल्या बागा आहेत. मागे नदी असून तीत डच जहाजे आहेत. पुढच्या भागात एका बड्या असामीची मिरवणूक चालली आहे आणि बाजूला स्थानिक लोकांच्या धार्मिक विधींची दृश्ये आहेत.

चित्र थोडा वेळ निरखून पाहिले म्हणजे त्याची मांडणी उलगडते. आवाराच्या आत शिस्त आहे, सरळ रेषा आहेत, नेटकेपणा आहे. आवाराबाहेर गर्दी आहे, तमाशा आहे, नवल आहे. आतले ते कंपनीचे आणि बाहेरचे ते देशी लोकांचे. बंगालमधून ही कंपनी रेशीम, सुती कापड, सोरा आणि अफू नेत असे. ते रेशीम काढणारे, ते कापड विणणारे, तो सोरा उकळणारे हात चित्राच्या विषयात बसत नव्हते. चित्र काढवून घेणाऱ्याला आपले आवार पाहावयाचे होते, आणि चित्रकाराने ते दाखविले.

दुसरे उदाहरण मराठी मुलखाच्या अधिक जवळचे आहे. डच कंपनीचे संचालक ॲमस्टरडॅममध्ये ज्या दालनात बसून कारभाराचे निर्णय घेत, त्या दालनासाठी आशियातील नगरांची आणि ठाण्यांची चित्रे १६६२-६३ च्या सुमारास तयार करण्यात आली. ती योहानेस व्हिंकबोन्स याच्या नावावर मोडतात. त्यांत कोचीन आहे, कण्णूर आहे, सयामची राजधानी आहे आणि आदिलशाहीतले रायबागही आहे. हे रायबाग म्हणजे आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. आजूबाजूच्या कित्येक घरांतून आजही मराठी ऐकू येते. त्या गावाचे आकाशातून पाहिल्यासारखे चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडच्या एका सभागृहाच्या भिंतीवर लावले गेले होते.

रायबागच्या रहिवाशाला आपले गाव असे टांगले गेल्याची वार्ताही नसावी. आणि त्या सभागृहात बसणाऱ्यांना मात्र मान वर करताच आपला व्यापार कोठवर पोहोचला आहे, हे दिसत होते. या चित्रांचे पहिले काम शोभेचे होते, हे खरेच. पण ती शोभा मालकाच्या हिशेबाची होती. वहीत जे आकड्यांनी मांडलेले असे, तेच भिंतीवर रंगांनी मांडलेले होते.

न पाहिलेली मुंबई

डचांनी जे केले तेच इंग्रजांनीही केले. १७३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या मुख्य कचेरीसाठी सहा चित्रे करवून घेतली. मुंबई, मद्रास, कलकत्ता, तेलिचेरी, सेंट हेलेना आणि केप ऑफ गुड होप ही ती सहा ठिकाणे. जॉर्ज लॅम्बर्टने जमीन, इमारती आणि डोंगर रंगविले. सॅम्युअल स्कॉटने समुद्र आणि जहाजे रंगविली. सहा चित्रांसाठी कंपनीने ९४ पौंड १० शिलिंग मोजले. ही चित्रे संचालकांच्या सभागृहात लावण्यात आली. कंपनी गेल्यानंतर ती सरकारी संग्रहात राहिली.

या व्यवहारातील सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की लॅम्बर्ट आणि स्कॉट या दोघांपैकी एकानेही मुंबई पाहिली नव्हती. त्यांनी नकाशे आणि इतरांनी केलेली रेखाटने समोर ठेवून लंडनमध्ये बसून ही मुंबई रंगविली. शांत समुद्र, डौलदार जहाजे, काठावर किल्ला. संचालकांना हवी होती तशी ती मुंबई होती.

खरी मुंबई त्या वेळी कशी होती? कान्होजी आंग्र्यांचा मृत्यू होऊन तीनच वर्षे झाली होती. त्यांच्याविरुद्ध इंग्रजांनी काढलेल्या १७१८ च्या खांदेरीवरील आणि १७२१ च्या कुलाब्यावरील मोहिमा फसल्या होत्या. कुलाब्याच्या मोहिमेत पोर्तुगीजांची साथ असूनही यश आले नव्हते. चित्र तयार झाल्यानंतर सातच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेव्हा मुंबईतील इंग्रजांना इतकी धास्ती पडली की शहराभोवती खंदक खणण्याचे काम हाती घ्यावे लागले आणि त्यासाठी तेथील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. या भयाची सावलीही लंडनच्या त्या चित्रावर नाही.

याचा अर्थ ते चित्र टाकाऊ आहे, असा मुळीच नव्हे. ते एक अस्सल साधन आहे. मात्र ते मुंबईपेक्षा मुंबईच्या मालकांविषयी अधिक सांगते. साक्षीदार कोणत्या पक्षाचा आहे हे ठाऊक असले, म्हणजे त्याच्या साक्षीचाही उपयोग करून घेता येतो.

छतावरचे चित्र आणि पुण्याचा तह

त्याच लंडनच्या कचेरीत १७७८ मध्ये आणखी एक चित्र बसविण्यात आले. स्पिरिडिओन रोमा या चित्रकाराने ते महसूल समितीच्या दालनाच्या छतासाठी केले होते. खडकावर ब्रिटानिया देवी बसली आहे आणि पूर्वेकडील देश स्त्रीरूपाने येऊन आपली संपत्ती तिच्या पायांशी अर्पण करीत आहेत, असा त्याचा देखावा. हिंदुस्थान स्वखुशीने मोती आणि रत्ने पुढे करीत आहे, असे चित्र सांगते. वर छताकडे पाहावे आणि खाली महसुलाचे कागद पाहावेत, अशी ती योजना.

चित्र छताला लागले त्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १७७९ मध्ये, वडगावला मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला शरण आणले. अर्पण करणारा हिंदुस्थान छतावर होता. लढणारा हिंदुस्थान मावळात होता. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांशी सलोखा असावा, असा विचार पुण्याच्या दरबाराने केला आणि १७ डिसेंबर १७७९ रोजी मराठे व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. नगर हवेलीच्या इतिहासाला येथून वेगळे वळण लागले.

मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांचे 'सांताना' हे जहाज पकडले होते. त्याच्या भरपाईसह मैत्रीखातर सालीना १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यावीत, असे ठरले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीतील गावांचा वसूल त्यांच्याकडे गेला. दादरा १७८५ मध्ये गेले. वसुलाचा हक्क घेऊन आलेले पुढे राज्यकर्ते होऊन बसले. १८८५ मध्ये त्यांनी सिल्वासाला पोर्तुगालमधील एका ठिकाणाच्या नावावरून 'व्हिला द पासू द आर्कोस' असे नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र सिल्वासा ते सिल्वासाच राहिले.

नगर हवेलीला समुद्र नाही. दमणगंगा येथून वाहत जाऊन दमणला समुद्रास मिळते, पण येथे जहाजांचे बंदर कधी नव्हते. त्यामुळे हुगळीसारखे किंवा मुंबईसारखे दिमाखदार चित्र या भूमीच्या वाट्याला आले नाही. येथील परकी सत्ता कागदावर उभी होती : तहाचा कागद, सनदेचा कागद, साऱ्याचा कागद. वखारीच्या चित्रात जे दिसत नाही, त्यातले पुष्कळसे नगर हवेलीने अनुभवले. जमीन कसणारा एक, सारा घेणारा दुसरा आणि जंगलातल्या सागावर हक्क सांगणारा तिसराच, हा अनुभव येथील वारली, कोकणा, धोडिया आणि काथोडी कुटुंबांना कोणत्याही चित्राविना पुरेसा झाला होता.

कागद वाचल्याचा लाभ

हा अंमल संपला तो येथील व बाहेरील स्वातंत्र्यसैनिकांच्या धैर्यामुळे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले. त्यानंतर नरोली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा. या लढ्यात गोव्याचे लोक होते, गुजरातचे होते, महाराष्ट्रातले तरुण होते. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवचरित्रकार म्हणून घरोघरी पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरे हेही त्यांत होते. १९६१ पर्यंत येथील कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला, आणि त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये हा प्रदेश रीतसर भारतीय संघराज्यात आला. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे.

दरम्यान पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली होती. दमणहून या गावांकडे जाण्याचा आपला हक्क भारताने डावलला, असे त्याचे म्हणणे होते. त्या दाव्यात १७७९ च्या तहाचा आणि पुढच्या सनदांचा कीस पडला. न्यायालयाचा निर्णय १२ एप्रिल १९६० रोजी लागला. मराठ्यांनी पोर्तुगीजांना राज्य दिले नव्हते, वसुलाचा हक्क तेवढा दिला होता, असा न्यायालयाने तहाचा अर्थ लावला. पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगालचा अंमल मान्य झालेला असल्यामुळे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना ये-जा करण्याचा हक्क होता. परंतु फौज, पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निकाल न्यायालयाने दिला.

हा सारा इतिहास भिंतीवरील चित्राच्या संदर्भात सांगण्याचे कारण एवढेच, की जुना कागद नीट वाचला तर त्यातून न्याय मिळू शकतो. सरंजाम आणि राज्य या दोन शब्दांतील अंतर ज्यांनी ओळखले, त्यांनी १८० वर्षांपूर्वीच्या कागदातून देशाची बाजू उभी केली. चित्र हाही एक कागदच आहे. तोही वाचता आला पाहिजे.

भिंत आणि चित्र यांचे जुने नाते

मराठी घराला चित्राचे वावडे कधी नव्हते. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या संस्थापकांपैकी एक. तिने छापलेली देवदेवतांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघरी गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पारतंत्र्याच्या त्या काळात शिवाजी महाराजांची तसबीर भिंतीवर लावणे ही नुसती सजावट नव्हती. घरातील मुलाने ती पाहत मोठे व्हावे, असा लावणाऱ्याचा हेतू असे.

आणि या परिसरातील वारली घराची भिंत तर त्याहूनही बोलकी. लग्नघरात शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर सवाष्ण स्त्रिया तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूची काडी चघळून तिचा कुंचला होतो. चौकात पालघट देवी बसते, बाजूला पंचशिऱ्या देव येतो. झाडे, माणसे, पशुपक्षी येतात. धवलेरी गाणी गाते. हा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. येथे चित्र हे कामाचे आहे, घरच्यांनी घरच्यांसाठी लिहिलेले आहे, आणि त्यात नांगर धरणारा व भात लावणारी हीच मुख्य माणसे आहेत. हुगळीच्या चित्रात जी माणसे आवाराबाहेर राहिली, तशी माणसे या चौकाच्या अंतरंगात आहेत.

परंतु येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. जे वखारीच्या चित्राचे झाले, तेच आता वारली चित्राचेही होत आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली स्त्री-पुरुषांच्या हाती कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची कला जगभर पोहोचली. त्यांना २०११ मध्ये 'पद्मश्री' मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून अनेकांना या कलेने रोजगार दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र आज पडद्यांवर, फरश्यांवर, चहाच्या पेल्यांवर यंत्राने छापलेल्या वारली आकृत्या दिसतात. त्यांच्याखाली चित्रकाराचे नाव नसते, गावाचे नाव नसते, आणि पुष्कळदा पैसाही वारली हाताकडे जात नाही. चौकातली देवी गेली आणि नाचणारी माणसे तेवढी उरली. परक्यांनी आपले गाव आपल्याला न विचारता भिंतीवर लावले, अशी खंत ज्यांना वाटते, त्यांनी शेजाऱ्याच्या देवघरातली रेघही त्याला न विचारता उचलू नये.

मग करावे काय?

वखारीची चित्रे घरातून हद्दपार करा, असे सांगण्याचे प्रयोजन नाही. ती रंगविणाऱ्यांचे कौशल्य मोठे आहे आणि त्यांत या देशाच्या इतिहासाची एक बाजू आहे. मात्र ज्याला ते चित्र लावावयाचे आहे, त्याने ते डोळसपणे लावावे. यासाठी फार खर्च नाही. चित्राखाली चार ओळींची चिठ्ठी लावावी : चित्रकाराचे नाव, वर्ष, मूळ चित्र कोठे आहे, आणि ते कोणी करवून घेतले. एवढ्यानेच त्या चित्राची जात बदलते. पाहुणा चित्र पाहतो, चिठ्ठी वाचतो आणि दोन प्रश्न विचारतो. तेथून बोलणे सुरू होते.

शिक्षकांना तर हे चित्र म्हणजे एक आयता धडा आहे. वर्गात ते लावून मुलांना पाच प्रश्न विचारावेत. चित्राच्या मध्यभागी कोण आहे? कडेला कोण आहे? निशाण कोणाचे आहे? ओझी कोण वाहत आहे? आणि असे कोण आहे, की जे तेथे असावयास हवे होते, पण चित्रात नाही? पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. मुलांना ते आजीला, आजोबांना, गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे लागेल. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात वाद्ये, मुखवटे आणि मासेमारीची साधने आहेत. वखारीचे चित्र पाहिल्यानंतर मुलांना तेथे न्यावे. एका ठिकाणी जे नाही, ते दुसऱ्या ठिकाणी सापडते, हे त्यांना आपोआप कळेल.

कार्यालयांच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींविषयीही एक सूचना करावीशी आहे. सरकारी कचेरीत कामासाठी आलेला माणूस बराच वेळ बाकावर बसून असतो. त्याच्यासमोरची भिंत एक तर कोरी असते, नाही तर कोठलेसे परके निसर्गदृश्य तेथे लटकत असते. त्या जागी गावाचा जुना नकाशा, मुक्तिदिनाची छायाचित्रे किंवा गावातल्याच चित्रकाराने नाव घालून दिलेले चित्र लावता येईल. चित्राचा योग्य मोबदला चित्रकाराला द्यावा, हे वेगळे सांगावयास नको. बसलेल्या माणसाला ही कचेरी आपली आहे, असे त्यामुळे थोडे तरी वाटेल.

घरमालकांसाठी एक शेवटची सूचना. ज्यांना वखारीचे चित्र मनापासून आवडते, त्यांनी ते अवश्य लावावे. पण त्याच्या समोरच्या भिंतीवर आपल्या मुलखाचे, आपल्या माणसाच्या हातचे एक चित्र लावावे. दोन्ही चित्रे एकमेकांसमोर असू द्यावीत. एकात जहाजे माल भरून निघालेली असतील; दुसऱ्यात तो माल पिकविणारी माणसे भाताच्या खाचरात वाकलेली असतील. घरातले मूल दोन्हींकडे पाहील आणि कधी ना कधी विचारील, की या कोठारात ठेवलेले भात त्या खाचरातलेच का? त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची तयारी वडीलधाऱ्यांनी ठेवावी.

दरवर्षी २ ऑगस्टला येथे मुक्तिदिन साजरा होतो. ध्वजवंदन होते, भाषणे होतात. त्या दिवशी प्रत्येक शाळेने आपल्या एका भिंतीवर असे समोरासमोरचे दोन देखावे मांडले, तर ध्वजाखाली उभ्या असलेल्या मुलाला त्या निशाणाची किंमत कळण्यास साहाय्य होईल. कारण हुगळीच्या चित्रातही एक निशाण आहे आणि शाळेच्या अंगणातही एक निशाण आहे. पहिले कोणी लावले आणि दुसरे कोणी मिळविले, हे ज्याला सांगता येते, त्याच्या घरात कोणतेही चित्र निर्धास्तपणे लावावे.